रिकाम्या आसनावरचा तानपुरा

भूतखेत, बाहेरची बाधा... यातलं मला काही पटत नाही. रत्नागिरीत ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते; तार, कंपन, नाद हा तर रोजचाच विषय. तरी हे लिहितेय, आणि लिहिताना लाजही वाटतेय. का, ते कळेलच.

समुद्राकडच्या एका देवळात दर हिवाळ्यात तीन दिवस संगीत महोत्सव होतो. मोठमोठे कलाकार येतात. रविवारी सकाळचा पहिला अर्धा तास स्थानिक गायकाला मिळतो — एकालाच. अकरा वर्षं मी बाईंकडे गाणं शिकत होते, त्या वर्षी माझाच नंबर असं धरून चालले होते. बाईंनी नाव दिलं मृण्मयीचं. पालीची मुलगी, चार वर्षांपूर्वी क्लासला आलेली! वर मला सांगितलं, तू तिच्यामागे तानपुऱ्यावर बस. माझा नुसता जळफळाट झाला. खरं सांगू? ती माझ्यापेक्षा चांगली गाते, याचाच जास्त राग होता.

इथली एक पद्धत आहे. गायकाच्या मागे डावीकडे एक आसन रिकामं ठेवतात, त्यावर विडा. फार पूर्वी म्हणे एक बाई जन्मभर इथे दुसऱ्यांच्या मागे तानपुरा धरून बसली, स्वतः कधी गायली नाही. ती अजून येते आणि आवडलेल्या गळ्याला साथ करते. विडा मीच ठेवला, मनात हसत.

मृण्मयी तानपुरा जुळवून, माझ्या हाती देऊन पुढे वळली, श्रोत्यांना नमस्कार करू लागली... आणि मी पंचमाच्या तारेचा सूर बारीक जुळवायचा मणी सरकवला. मुद्दाम. तिचा सूर डळमळावा, लोकांनी एकमेकांकडे बघावं, एवढंच मला हवं होतं.

तार छेडली. पंचम स्वच्छ लागला.

सरकलेला मणी डोळ्यांना दिसत होता, बोटाला तार ढिली लागत होती. आणि कानावर येत होता सुरेल पंचम — तोही डावीकडून. अर्धा तास मी तिकडे मान वळवली नाही. मृण्मयीने तोडी अशी गायली की बाईंनी डोळे पुसले.

खाली उतरल्यावर तीच तार पुन्हा छेडली. बेसूर. तेवढ्यात मृण्मयीने येऊन माझे हात धरले.

"ताई, मागे दोन तानपुरे वाजतायत असं वाटत होतं गो. तुझ्यामुळे गायले मी आज."

मला तिच्याकडे बघवेना.

मोबाइलवरचं रेकॉर्डिंग कितीदा तरी ऐकलं. बेसूर तार त्यात कुठेच नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा म्हणाल, तर बाई तो मंचावर चालू देत नाहीत. शेवटी त्यांच्यापाशी सगळं कबूल केलं. वाटलं, क्लासातून काढतील. पण त्या रागावल्या नाहीत.

"अगो, कोणाच्या मागे बसायचं ते तिचं ती ठरवते," एवढंच म्हणाल्या. "आपण विडा ठेवायचा."

पुढच्या वर्षी माझं नाव आलं. तानपुऱ्यावर मृण्मयी बसली, अगदी मन लावून. विडा मीच ठेवला, या वेळी हात जोडून. गाणं बरं झालं, टाळ्याही पडल्या. माझे कान मात्र सगळा वेळ मागे होते.

एकच तानपुरा वाजत होता.

त्या सकाळी काय घडलं, ते मला आजही उलगडलेलं नाही. तुम्हाला उलगडलं तर जरूर लिहा. मृण्मयीचा हेवा मात्र अजून वाटतो... त्या आसनावरच्या बाईलाही तीच आवडली.