तिसरा हिस्सा कमी

माझ्या दादाला कामावर सगळे उंदीरमामा म्हणत. एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर प्रयोगासाठी उंदीर पाळलेले होते. त्यांचं खाणंपिणं, वजनं, पिंजऱ्यांची सफाई, सगळं एकतीस वर्षं यानं केलं. घरी आला की वहिनी त्याला दारातच अडवायची, "आधी अंघोळ, मग बायको!"

दादा भला माणूस आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण झालं ते ऐकून लोक त्याला नाही नाही ते बोलतात आणि माझं डोकं फिरतं. त्याला शिव्या घालायच्या तर मी घालीन. मी सख्खी बहीण आहे.

संस्थेतल्या मॅडमचा एक मोठा प्रयोग चालला होता. निम्म्या उंदरांना पोटभर, निम्म्यांना तिसरा हिस्सा कमी. मॅडमनी दादाला सोपं करून सांगितलं होतं: खाल्लेलं अन्न शरीरात जळतं आणि त्या जळण्यातून जे निघतं त्यानं पेशी आतून गंजल्यासारख्या होतात. त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मेंदूत हे जळणं फार, म्हणून वय झालं की त्याला गंजही फार. खाणं बेतानं असेल तर गंज कमी चढत असावा, असं त्या तपासत होत्या.

दादानं ते डोळ्यांनी पाहिलं. पांढरट पाण्याच्या टबात, वरून दिसणार नाही असा एक चौथरा बुडवून ठेवलेला असे; तो कुठे आहे ते उंदरांना आधी शिकवलेलं असायचं. पोटभर खाल्लेला म्हातारा उंदीर गोल गोल पोहत बसायचा, चौथरा कुठे तेच आठवायचं नाही. कमी खाणारा म्हातारा मात्र सरळ जाऊन वर चढायचा. स्टॉपवॉच दादाच्या हातात असायचं. ऐकीव गोष्टीवर विसंबणारा माणूस असता ना, तर एवढा घात झाला नसता.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी वहिनी विसरायला लागली. जन्मभर मुलांना भूगोल शिकवलेली बाई पोस्टातून घरी येताना रस्ता चुकली. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू वाढत जाणार, थांबवणारं औषध नाही. दादा रस्त्यात मला म्हणाला, "औषध नसेल. पण उपाय आहे."

"कसला उपाय?"

"ते माझ्यावर सोड."

मी सोडलं. माझं शिवणाचं दुकान, दिवसभर मान खाली. शिवाय दादा वहिनीला तळहातावरच्या फोडासारखं जपायचा, मग मी कशाला नाक खुपसू?

त्यानं स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणला. सकाळचा पाव, दुपारचा भात, बटाटे, रात्रीचं सूप, सगळं तोलून. लोणी बंद, साखर बंद. वहीत तारीख आणि ग्रॅम. स्वतःही तेवढंच खायचा, तिला एकटीला कमी वाढायला त्याचा हात धजत नव्हता. मला वाटलं, निवृत्त माणूस आहे, काहीतरी खूळ लागायचंच.

तीन महिन्यांत वहिनीचे कपडे सैल झाले. मी शिवण आत घेतली. पुन्हा सैल झाले, पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा तर टाचण्या लावता लावता मी तिला म्हटलं, "काय गं वहिनी, कॉलेजात नाव घालणार आहेस की काय?" ती हसली. मीही हसले. जिची मापं मला तोंडपाठ, तिच्या कमरेत चार इंच गेले आणि मी कौतुक करत बसले!

आणि एवढंच नाही. एकदा ती दुकानात आली, माझा डबा उघडला आणि उभ्या उभ्या अर्धा संपवला. म्हणाली, "मला घरी पोटभर देत नाहीत गं."

मी लगेच दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, आत्ताच तर जेवली. विसरते ती." शेजारणीच्या सासूचंही असंच होतं, जेवून उठली की पाच मिनिटांत म्हणायची, मला उपाशी ठेवलंय. या आजारात असं बोलतातच, हे मला माहीत होतं. जास्तीचा शहाणपणा, दुसरं काय! मी तिच्या हातातला डबा काढून घेतला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "वहिनी, तू जेवली आहेस." ती गप्प बसली. मला वाटलं, पटलं.

ती खरं बोलत होती. सगळं विसरणाऱ्या त्या बाईला ही एक गोष्ट पक्की आठवत होती आणि आम्ही दोघांनी मिळून ती खोटी ठरवली.

पुढच्याच आठवड्यात ती न्हाणीघरात कोसळली. इस्पितळात वजन केलं, चौतीस किलो. डॉक्टरनी विचारलं, "या जेवत नाहीत का?" दादानं पिशवीतून वही काढली आणि अक्षरशः अभिमानानं पुढे केली. डॉक्टरनी चार पानं चाळली, चष्मा काढला आणि नर्सला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मॅडम भेटायला आल्या. वही त्यांनीही पाहिली. चांगल्या बाई, आवाज चढवला नाही. पण दादा खुर्चीत लहान लहान होत गेला.

"मामा, ते उंदीर तरुण होते तेव्हापासून आपण सुरू केलं होतं. म्हाताऱ्या, आजारी, मुळातच बारीक उंदराला आपण कमी खाऊ घातलंय का कधी?"

"नाही."

"आणि कमी खाणाऱ्यांच्या खाण्याच्या गोळ्या वेगळ्या होत्या. खाणं कमी, म्हणून जीवनसत्त्वं जास्त घातलेली."

"गोण्या दोन होत्या मॅडम, पण गोळ्या सारख्याच दिसायच्या."

"बरं, दर सोमवारी तुम्ही काय करत होतात?"

दादानं मान खाली घातली. दर सोमवारी तो एकेका उंदराचं वजन करायचा. कुणाचं फार उतरलं, तर त्याच दिवशी खाणं वाढवायचा. स्वतःच्याच हातानं. आणि घरी भाताचं वजन रोज केलं, बायकोचं एकदाही नाही.

मॅडम गेल्यावर मी तोंड सोडलं. "अरे, उंदराला जेवढं बघितलंस तेवढं तरी हिच्याकडे बघायचं होतंस!" बोलून गेले आणि जीभ चावली. टाचण्या लावताना मी तरी कुठे बघितलं होतं?

तो म्हणाला, "तिनं मला विसरू नये, एवढंच हवं होतं गं." मग हमसून हमसून रडला. एवढ्या मोठ्या माणसाला कसं गप्प करतात ते मला माहीत नाही.

बाविसाव्या दिवशी वहिनी उठून बसली. अंगात थोडं भरली होती, गालांवर जरा रंग आला होता. पण या दिवसांत ती आणखी लांब गेली होती. दादानं डॉक्टरना विचारलं, हे माझ्यामुळे का? डॉक्टर म्हणाले, आजार वाढणारच होता, उपासमारीनं किती भर पडली ते कुणालाच सांगता येणार नाही. म्हणजे आता जन्मभर याला ते कळणार नाही.

नर्सनं ताट आणलं. दादा पलंगाशेजारी बसला होता, शर्टात दुसरा माणूस मावेल इतका वाळलेला. वहिनीनं ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग ताट त्याच्याकडे सरकवलं आणि मला हळूच म्हणाली, "आधी यांना दे. केव्हाचे बसलेत बिचारे."

मी विचारलं, "वहिनी, हे कोण, ओळखलंस का?"

"नाही बाई," ती म्हणाली, "पण यांना घरी कुणी पोटभर देत नाही, दिसतंय ना."