पाठीवरचा जार

अख्ख्या आंदर मावळात माझ्यासारखा पोहनारा दुसरा न्हाई, असं मी चारचौघांत छातीवर हात मारून सांगायचो. मला पोहताना बघितलेला मानूसबी दुसरा न्हाई, बायको सोडून. आन तिनं बघितलं ते असं, की लग्नाच्या पैल्याच उन्हाळ्यात तिच्या म्हायेरच्या हिरीत मी पाठीला तेलाचा मोकळा डबा बांधून तरंगत व्हतो, आन माझ्या भवती दुसरी-तिसरीतली पोरं तसलेच डबे बांधून तरंगत व्हती. आमच्याकडं पोहायला असंच शिकवत्यात. डबा बांधायचा, पान्यात ढकलायचं, आन मग कवातरी डबा सोडून परत ढकलायचं. पोरांचे डबे सुटले. माझा न्हाई सुटला. मी कुनाला गाठीला हातच लावू दिला न्हाई.

मी मूळचा कुसगावचा. शाळेचं आन माझं काय जमलं न्हाई. आधी हाटेलात भांडी घासली, मग बंगल्यांवर सैपाक करायला लागलो. बायको धरनाकाठची. तिच्या धाकट्या भावानं मशीनवाली होडी घेतली आन मला म्हनला, "दाजी, पावन्यांच्या जेवनाचं तुमी बघा." पुन्याकडची मानसं दिवसभरासाठी अख्खी होडीच घेत्यात. त्यांना धरनातल्या टेपाडावर न्यायचं, तितं चूल मांडायची, जेवू घालायचं, पान्यात डुंबू द्यायचं, सांजच्याला परत आनायचं. धरन झालं तवा बायकोचं जुनं गाव पान्याखाली गेलं, आजूबाजूच्या डोंगरांची टकुरी तेवढी वर राहिली. तीच ही टेपाडं. पावनी त्याला बेटं म्हनत्यात. म्हनू द्या.

मला पान्याची भीती वाटते असं न्हाई. मला पान्यानं गिळलंच हाय असं वाटत असतं, फकस्त अजून पोटात गेलेलो न्हाई एवढंच. होडीत मी कायम मधोमध बसतो, मांडीत रश्श्याचं पातेलं धरून. बघनाऱ्याला वाटतं, केवढी काळजी रश्श्याची! खरं तर त्या पातेल्याच्या कानांना धरून मी बसलेला असतो.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. धरन काठोकाठ भरलेलं. देहूरोडचं एक कुटुंब आलं, नवरा-बायको आन चौथीतली पोरगी. नवरा तिथल्या डेपोत कामाला. मानसं लय साधी. बाईंनी होडीत बसल्या बसल्या इचारलं, "दादा, पाणी खोल आहे का हो?"

मेवना मशीनचा दांडा धरून म्हनला, "कडंला न्हाई. मधी हाय. आत्ता आपन चाललोय ना, त्याच्या बरूबर खाली आमच्या आज्याचं घर हाय."

बाईंचं तोंड उतरलं. माझंबी उतरलं, पन माझं पातेल्याच्या वाफंत दिसलं न्हाई.

"आणि कोणी पडलं बिडलं तर?" बाई म्हनल्या.

तवा माझी जीभ सुटली. ती पान्यात बुडत न्हाई, हाच तिचा दोष. "मी हाय की वयनी! तुमी बिनघोर खेळा. मावळात माझ्यासारखा पोहनारा न्हाई."

मेवन्यानं माझ्याकडं बघितलं. "कधी पोहता वो दाजी?"

"तू झोपल्यावर," मी म्हनलो. सगळी हासली. पोरगी न्हाई हासली. ती माझ्या हातांकडं बघत व्हती. पातेल्याचे कान धरून माझी बोटं पांढरी पडलीवती.

टेपाडावर उतरलो. तीन दगडांची चूल मांडली, पातेलं चढवलं, इंद्रायणी तांदूळ धुवून घेतला, थंड पान्याचा तोटीवाला मोठा जार सावलीत ठिवला. मग मेवन्यानं इचारलं, "भाकरी कुटंय?"

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. भाकरीची दुरडी काठावरच्या दगडावर ठिवून मी होडीत चढलोवतो. भ्यायलेला मानूस एक हात पातेल्याला आन दुसरा हात होडीला लावतो, तिसरा हात देवानं दिलेला न्हाई.

मेवना होडीत परत चढला आन हळूच म्हनला, "मी आलोच घिऊन. पावन्यांकडं ध्यान ठिवा. तुमी हायसा म्हनून जातोय."

 होडी लांब लांब गेली, मशीनचा आवाज बारीक झाला आन मग थांबला. त्या टेपाडावर आता पोहनारा म्हनून मी एकटाच व्हतो.

मेवन्यानं टॅक्टरची ट्यूब फुगवून दिलीवती, तिला दोरी बांधलीवती. पोरगी ट्यूबवर बसली. तरंगायचं जाकीट घातलेलं, पन ते मोठ्या मानसाचं, कानाच्या वर यायचं. तिला ते टोचायला लागलं तसं तिनं काढून बुडाखाली घेतलं. बाप कंबरभर पान्यात दोरी धरून उभा. म्हनलं बरं हाय, दोरी हाय, बाप हाय. मी चुलीकडं वळलो.

दुपारच्याला आमच्या धरनावर वारं सुटतं. सकाळी पानी ताटात वाढल्यागत असतं, आन दुपारी एकाएकी त्याच्या अंगावर काटा येतो. तसं वारं सुटलं. तितक्यात बाई काठावरनं म्हनल्या, "अहो, तिचा एक फोटो काढा ना!" आन बापानं फोन घ्यायला हात पुढं केला.

तेवढंच. दोरी पान्यावर सापासारखी सरकली आन ट्यूब निघाली.

बाप मागं धावला. गळ्यापतुर पानी आलं तसा थांबला, तोंड वर करून वरडला, "मला पोहता येत नाही हो!" बाईंनी किंकाळी फोडली. पोरगी आधी हासत व्हती, मग तिला कळलं, तशी ती गप झाली. ते गप होनं मला आजबी ऐकू येतं. ट्यूब हळूहळू मधल्या पान्याकडं, जितं खाली अख्खं गाव हाय तिकडं चाललीवती. तिच्याकडं वल्हं न्हाई, बापाकडं पोहनं न्हाई, फोनला रेंज न्हाई, होडी न्हाई.

मग दोघांनी माझ्याकडं बघितलं.

"दादा! जा ना!" बाई म्हनल्या.

मी म्हनलो, "रस्सा उतू जाईल." खरंच म्हनलो. मोठ्यानं म्हनलो. माझं तोंड माझ्या आधी पळून जात व्हतं.

"अहो रस्सा काय घेऊन बसलात! तुम्हीच म्हणालात ना, मी आहे म्हणून!"

  डबा पायजे, एवढंच डोक्यात आलं. आन समोर तो जार दिसला. वरचं झाकन उघाडलं, पानी लवकर जावं म्हनून खालची तोटीबी उघाडली, जार पालथा केला. सगळ्यांचं प्यायचं पानी मातीत गेलं. झाकन गच्च लावलं. बाईंची वढनी घेतली आन जार पाठीला बांधला.

"हे काय करताय?" बाप इचारत व्हता.

"पद्धत हाय," मी म्हनलो आन गेलो.

गेलो म्हंजी पान्यानं मला घेतलं. वढनी सरकून जार कंबरंवर आला, तसं माझं बूड वर आन तोंड खाली. खाली हिरवा अंधार व्हता. मला वाटलं सासऱ्याच्या गोठ्याचं आढं दिसलं. सासुरवाडीला जावई असा वरनं उतरताना आजवर कुनी बघितला नसंल. नाकातोंडात पानी गेलं, हातपाय झाडले, कसातरी उलटा झालो, जार पाठीखाली आला, तोंड आभाळाकडं झालं. आता मी उताना, कुटं चाललोय ते मला दिसत न्हाई, फकस्त ढग दिसत्यात. पोहायचं कसं म्हंजी काय करायचं, हे मला त्या टायमाला पैल्यांदा कळायला पायजे व्हतं, आन कळत न्हवतं. पन जे वारं ट्यूबला नेत व्हतं तेच मलाबी नेत व्हतं. ट्यूब नुसती वाहातीय, मी भीतीनं पाय झाडतोय, तसं अंतर कमी कमी होत गेलं. मी तिच्यापतुर पोहलो न्हाई. मला पोचवलं.

तवाच पाठीखाली आवाज आला. गुडुप.

मग परत. गुडुप, गुडुप.

तोटी. मी तोटी बंद केलीच न्हवती.

त्या आवाजाएवढं मी कशाला भ्यालो न्हाई. एक एक गुडुप म्हंजी माझ्या आयुष्यातला एक एक घोट व्हता आन धरन तो पीत व्हतं. मी हात मागं टाकला, तोटी घावंना. बायकोचा चेहरा समोर आला, तोबी रागावलेला. हाताला रबर लागलं. ट्यूब!

मी ती अशी धरली की ती एका अंगाला कलली. पोरगी वरडली, "काका, वर चढू नका! उलटेल!"

मी नुसता धरून ऱ्हायलो.

"काका, तुम्हाला पोहता येत नाही ना?"

"येतंय की."

"मग डोळे का मिटलेत?"

मी डोळे उघाडले. तिचे ओठ निळे पडलेले, पन ती रडत न्हवती. बुडाखाली जाकीट दिसलं. खरं सांगतो, ते जाकीट कुनाच्या गळ्यात घालायचं म्हनलं, तर माझ्या मनात पैला गळा आला तो माझाच. पाठीवर गुडुप चालू व्हतं आन समोर जाकीट व्हतं. मग तिची मान बघितली, काडीसारखी.

"घाल ते," मी म्हनलो. "टोचू दे. घाल आन दोऱ्या वढून बांध." तिनं बांधलं. मग मला म्हनली, "काका, पाय मारा. सायकलसारखे. आमच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलंय." असं चौथीतल्या पोरीनं मला धरनाच्या मधी पोहायला शिकवलं. मी सायकल मारत ऱ्हायलो. मला सायकलबी येत न्हाई.

वारं आमाला दुसऱ्या टेपाडाकडं नेत व्हतं. पोरगी म्हनली, "काका, जमीन आली!" मला आनंद व्हायला पायजे व्हता, पन मी ते टेपाड वळखलं आन परत गार पडलो. उन्हाळ्यात पानी खाली गेलं की आमी तितं करवंदं खायला जातो. त्या बाजूला सगळी करवंदीची जाळी. आता ती जाळी अर्धी पान्यात व्हती, काटे वर करून. ट्यूब त्याच्यावर गेली तर फुटनार, खाली पाय ठरायला जागा न्हाई, नुसता चिखलाचा उतार, आन जाकीट असं की पोरगी खालनं निसटून जाईल.

शौर्य म्हनून काय केलं न्हाई मी. ट्यूब सोडायची भीती एवढी, की मी तिला मिठी मारून उलटा फिरलो आन पाठ काट्याकडं झाली. जार आता गच्च भरून गोनीसारखा लोंबत व्हता. मग काटे आले. खांद्यात, मानंत, जिथं जार न्हवता तिथं सगळीकडं. मी एका हातानं फांदी धरली, दुसऱ्या हातानं ट्यूब लांब धरली. लाट आली की फांदी मला वढायची, ट्यूब माझ्या छातीवर यायची, आन मी आयवं, आयवं करायचो.

"काका, रडू नका," पोरगी म्हनली.

"मी न्हाई रडत. पानी उडतंय."

"पाणी गरम कसं?"

तेवढ्यात मशीनचा आवाज आला. होडी वळसा घेऊन येत व्हती. मधोमध माझी बायको बसलेली, मांडीत दुरडी. दुरडी इसरलो म्हनून ती माझी खरडपट्टी काढायला आलीवती, पन लांबनं हे दिसल्यावर तिनं दुरडी खाली ठिवली, लुगड्याचा काचा मारला आन होडी थांबायच्या आधी पान्यात गेली. चार हात मारले आन ट्यूब धरली. पोरीला होडीत दिली. मग माझ्याकडं आली.

"सोडा फांदी."

"न्हाई सोडनार."

"अवो सोडा! मी धरलंय न्हवं!"

ती वढनीला धरून मला होडीपतुर वढत घिऊन गेली, म्हैस नदीतनं काढत्यात तशी. मेवना जार बघत ऱ्हायला. त्याला आता कळलं व्हतं, तो झोपल्यावर मी काय पोहतो ते.

टेपाडावर परत आलो. रस्सा खरंच उतू गेलावता, चूल इझलीवती. बाईंनी पोरीला कवळ्यात घेतलं ते सोडलंच न्हाई. बाप माझ्या समोर बसला, माझे दोन्ही हात धरले. मी उघडा, पालथा, आन बायको माझ्या पाठीवर बसून टाचनीनं काटे काढतीय. बाप म्हनला, "दादा, तुमच्यामुळे पोरगी वाचली. तुम्ही नसता तर..."

माझे दात वाजत व्हते. पन तेवढं ऐकलं आन ती जीभ परत सुटली. मी म्हनलो, "काय न्हाई वो. पोहनाऱ्या मानसाला हे करावंच लागतं."

बायकोनं टाचनी थोडी जास्तच आत घातली.

"दुरडी काठावर इसरला नसता, तर होडी हितंच व्हती," ती म्हनली. "आता गप पडा, काटा मोडंल."