देशमोजे आणि मारीना

विमानतळाबाहेर पाऊल टाकून दहा मिनिटं झाली की देशमोज्यांचं त्या देशाबद्दलचं मत तयार असे, आणि ते वाईटच असे. खरं आडनाव वेगळं. फिरलेले देश चारचौघांत बोटांवर मोजायची खोड, म्हणून इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या मराठी मंडळात हे नाव पडलं. पुण्याहून येऊन तीस वर्षं झाली तरी शेजारच्या इंग्रजाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

एका उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर जॉर्जियाला गेलो. तिबिलिसीत दुकानदारीण हसली नाही, तर म्हणाले, "सोव्हिएत गेलं, चेहरे तेच!" डोंगरातल्या गावी घरमालकीण मारीना तोंडभर हसली, तर माझ्या कानाशी, "सांभाळ रे, यांना आपला ब्रिटिश पासपोर्ट दिसतो." तिने पहाटे उठून भाजलेला, चीज भरलेला गरम पाव ते नुसता हुंगून बाजूला सारायचे आणि बॅगेतला चिवडा काढायचे. तोही एकट्यानेच खायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात छाती धरून खाली बसले. दमा. इनहेलर संपलेला. मारीनाने शेजाऱ्याची जीप आणवली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि घाट उतरून हॉस्पिटल येईपर्यंत पाठ चोळत राहिली. देशमोजे तिचा हात घट्ट धरून "आई गं, आई गं" करत होते. तेवढ्यापुरती मला त्यांची कीव आली.

परतल्यावर मंडळाच्या हॉलमध्ये त्यांनी फोटो दाखवले. मारीनाचा फोटो आला. "ही आमची लँडलेडी. मागास लोक हो! पर्सनल स्पेस म्हणजे काय, पत्ताच नाही." लोक हसले.

मी उभा राहिलो. "काका, जीपमधलंही सांगा ना."

"अरे, किरकोळ खोकला होता तो," म्हणत त्यांनी पुढचा फोटो लावला.

मी तिथून निघालो, तो पुन्हा त्यांच्या दारी गेलो नाही. गेल्या वर्षी ते मुलीकडे लीड्सला कायमचे गेले. निरोपालाही गेलो नाही.

मारीना मात्र अधूनमधून फोनवर भाषांतर करून मेसेजमध्ये विचारते, "तुझे काका श्वास नीट घेतात ना? मी चर्चमध्ये त्यांच्यासाठी मेणबत्ती लावते."

"बरे आहेत. तुझी फार आठवण काढतात," मी लिहितो. हे खोटं मी त्यांच्यासाठी बोलत नाही.