उपाशीपोटी आलेल्या अकरा जणी

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता डोंगरकड्याला, माझ्या गावी, आमच्या घरासमोर अकरा बाया ओळीने बसल्या होत्या. मी तोंडात ब्रश धरून दार उघडलं आणि तशीच उभी राहिले...

हे असं का झालं ते सांगते. मी हैदराबादला एका लॅबमध्ये काम करते. आमचं काम म्हणजे बोटाएवढी एक पारदर्शक चिप. तिच्यात केसाएवढ्या बारीक नळ्या आणि त्यांच्या कडेने माणसाच्या यकृताच्या जिवंत पेशी. पाच वर्षं झाली, तरी मायक्रोस्कोपखाली त्या पेशी दिसल्या की माझ्या अंगावर काटा येतो. नवं औषध आधी त्यांना द्यायचं, काय होतं ते बघायचं आणि मग माणसाला... इतकी साधी कल्पना.

पण ती लोकांच्या गळी उतरवताना नाकी नऊ येतात. औषध कंपन्यांचा वर्षानुवर्षांचा विश्वास उंदरांवरच्या आणि कुत्र्यांवरच्या चाचण्यांवर. आमची चिप आमच्याकडे एक उत्तर देते, दुसऱ्या लॅबमध्ये वेगळंच. काही औषधं तर चिपचं मटेरियलच शोषून घेतं, ती पेशींपर्यंत नीट पोचतही नाहीत. मंगळवारी एका कंपनीसोबत मीटिंग होती आणि आमचा प्रोजेक्ट चालू ठेवायचा की गुंडाळायचा ते तिथेच ठरणार होतं. मी तोंड पाडूनच गावी आले होते.

शनिवारी दुपारी आईला मोबाइलवर पेशींचा व्हिडिओ दाखवला. तिला हे कळावं असं मला फार वाटतं, त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी गुडघेदुखीच्या एका गोळीने तिला कावीळ झाली. हळद काढायचे, शिजवायचे दिवस, घरात सगळ्यांचेच हातपाय पिवळे... त्यामुळे कोणाच्या लक्षातच आलं नाही. डोळे पिवळे झाले तेव्हा दवाखान्यात नेलं, गोळी बंद झाली आणि आई वाचली. तीच गोळी चाचणीतल्या जनावरांना मात्र व्यवस्थित सोसली होती.

आईने व्हिडिओ दोनदा बघितला. मग म्हणाली, "हे कोणाचं हाय?"

परदेशातल्या दोन-तीन माणसांचं, त्यांनी मरणानंतर दान केलेलं, मी म्हटलं.

"मंग माह्यासारखीचं काहून न्हाई?"

कंपनीवाले मोठमोठे शब्द वापरून हेच तर विचारत होते, की दोन-तीन माणसांवरून सगळ्यांचं कसं सांगणार? मी आईला म्हटलं, वेगवेगळ्या माणसांच्या पेशी हव्यात, आता रक्तातूनही त्या तयार करता येतात, पण देणार कोण... एवढं बोलून मी लॅपटॉप उघडला. आईने चप्पल घातली आणि बाहेर पडली. शेजारी गेली असेल असं मला वाटलं.

तर रविवारी सकाळी आईचा अख्खा बचत गट दारात! सगळ्यांचे हात हळदीने पिवळे. सगळ्यात पुढे शेवंताकाकू, दंड उघडा करून.

"घे बाई रक्त. कोणी चहाचा घोट बी घेतला न्हाई."

गावात शुगर तपासायचं शिबिर येतं तेव्हा उपाशीपोटी यायचं असतं ना, म्हणून...

आणि मला नाही म्हणावं लागलं. अशा संशोधनाला नैतिकता समितीची परवानगी लागते, समजावून सांगून सह्या घ्याव्या लागतात, असं अंगणात रक्त घेता येत नाही. हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आमी आपल्या खुशीनं देऊन राहिलो ना? मंग तकलीफ कायची?" शेवंताकाकूंना काही केल्या पटेना.

मी आत जाऊन मोठ्या पातेल्यात पोहे टाकले. खाता खाता एकेक जण बोलायला लागली. कोणाला कुठल्या गोळीने अंगावर पित्त उठलं, कोणाला चक्कर आली, कोणी डॉक्टरांना न सांगताच औषध सोडून दिलं. मी वही काढली. "बराबर लिही," आई मागून म्हणाली.

मंगळवारी कंपनीच्या साहेबांनी तोच दोन-तीन माणसांचा प्रश्न विचारला. मी स्लाइड थांबवली आणि नावं न घेता ह्या अकरा जणींबद्दल सांगितलं. शेवटी निर्णय झाला, प्रोजेक्ट सहा महिने चालू राहतोय. इथल्या लोकांच्या पेशींसाठी परवानगीचा अर्जही करायचा ठरलं. बाकी अडचणी जिथल्या तिथे आहेत, चिप अजूनही दोन ठिकाणी दोन उत्तरं देतेच.

बाहेर येऊन आईला फोन केला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते झालं. पर बायांना काय सांगू, उपाशी यायचं का जेवून?"

जेवून या म्हटलं. आजवर माझ्या कामाला शाबासकी खूप मिळाली. पण माझ्या अर्ध्यामुर्ध्या बोलण्यावर विश्वास ठेवून सकाळचा चहा सोडून आलेल्या ह्या अकरा जणींना मी इथून हात जोडते.