शेवटच्या गाडीची झेंडी

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही — नवऱ्यापुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण आज मन निवांत आहे. आमच्या जंगलातली छोटी लाइन बंद झाली, रूळही उचलून नेले. स्टेशनाच्या ओट्यावर आता आम्ही दोघी जावा मोहफुलं वाळवतो आणि पोटभर गप्पा हाणतो. वाईट चाललंय म्हणू तरी कशी?

माझ्या थोरल्या जाऊ — मी त्यांना बाई म्हणते — त्या गाडीत टेंभरं, चारं असा रानमेवा विकायच्या. सारा जन्म गाडीच्या दाराशी, टोपलीजवळ उकिडव्या बसून. गार्डभाऊंनी त्यांना शब्द दिला होता, की शेवटच्या दिवशी आमच्या स्टेशनातून हिरवी झेंडी बाईंनी दाखवायची आणि गार्डाच्या डब्यात बसून चांद्याला जायचं. बाईंनी नवं लुगडं घेतलं. आणि मी? मी जळले. गाडीत सगळे त्यांनाच ओळखायचे, मी नुसती 'बाईची धाकली'. एवढंच कारण — याहून मोठं असतं तर सांगायलाही बरं वाटलं असतं.

मीही जाणार होते. पण जेवणाचा डबा घरी विसरले, आणि तो आणायला बाईच माघारी वळल्या. गाडी आली, हार घालून झाले. वेळ झाली तसं गार्डभाऊंनी मला विचारलं, "बाई येऊन राह्यली का?"

मला दिसत होत्या — शेताच्या बांधावरून, एका हातात लुगड्याचा ओचा, दुसऱ्यात माझा डबा. धावत.

"नाई भाऊ," मी म्हणाले. "त्या नाई येत."

त्यांनी झेंडी माझ्या हातात दिली. मी ती दाखवली — फोटोत नीट यावी म्हणून हात चांगला उंच करून. मग बाईंच्या जागेवर जाऊन बसले. गाडी हलली, तेव्हा गार्डभाऊ दुसऱ्या बाजूच्या गर्दीला हात हलवत होते. माझ्या बाजूला बाई ओट्यावर पोचल्या होत्या. डबा अजून हातातच होता.

संध्याकाळी मी बसनं परतले, तर त्यांनी तोच डबा गरम करून ठेवलेला. मी जेवले. गोड लागलं — हेही खोटं कशाला सांगू?

परवा लाइनचा इतिहास लिहिणारी एक मुलगी घरी आली. बाईंनी भिंतीवरचा तो फोटो उतरवला, पदरानं पुसला आणि तिच्या हातात दिला.

"शेवटची झेंडी आमच्या धाकलीनं दाखवली," त्या म्हणाल्या. "मले गाडी नाई भेटली, पण झेंडी घरातच राह्यली."

मी चहा गाळत होते. गाळत राहिले.