वडाला बांधलेली वार

पाचव्या महिन्यातच मी माहेरी, महागावकडच्या आमच्या तांड्यावर आले आणि त्याच आठवड्यात घरची गाय गाभडली. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, उघड्या हातांनी मेलेलं वासरू ओढून काढलं. मागून पडलेली वार रीतीप्रमाणे वडाच्या फांदीला बांधली. चीक गळणाऱ्या झाडाला बांधली की गाईचं दूध वाढतं म्हणतात. वडाखाली तांड्याच्या गुरांचं पाण्याचं टाकं. वासराच्या वाट्याचं दूध माझ्या वाट्याला आलं. याडी धारोष्ण, फेसासकट पेला आणायची आणि मी लाडानं पांढऱ्या मिशा काढत प्यायची.

मग ताप येऊ लागला. दिवसभर मी धडधाकट, सगळ्यांवर खेकसायला मोकळी. सांज झाली की अंग जड व्हायचं. खाटेवरून पाहावं तर सागाच्या टेकड्या हळूहळू हलायच्या. परतणाऱ्या गुरांच्या घंटा पाण्याखालून वाजल्यासारख्या यायच्या. पोटातलं लेकरूही माझ्यासोबत तरंगतंय असं वाटायचं. खरं सांगते, ते सुखाचं वाटायचं. भीती वाटायची ती सकाळी, लेकरू लवकर हललं नाही की. गोळ्यांनी ताप जायचा आणि पुन्हा यायचा.

अशात शेजारच्या शेळ्याही गाभडल्या, म्हणून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी शेळ्या पाहिल्या, आमच्या गाईचं रक्त घेतलं, वड पाहिला, टाकं पाहिलं आणि शेवटी माझ्या हातातला पेला.

"ताई, सांजीले ताप येते काय तुमाले?"

मला रागच आला. मी काय शेळी आहे?

"हे कच्चं दूध आता बंद करा. अन् आजच मोठ्या दवाखान्यात रक्त तपासा. लेकराले धोका आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईले मी फोन करतो."

गाईच्या रक्तात निघाला तोच गाभडण्याचा रोग माझ्या रक्तात निघाला; शेळ्यांना तो वारेतून टाक्यात गळालेल्या पाण्यातून लागला होता, मला कच्च्या दुधातून. याडीनं त्या दिवसापासून कच्चा पेला आणला नाही. चुलीपाशी बसून दूध उकळत राहिली, उतू गेलं तरी उकळत राहिली. माझं औषध सुरू झालं, दिवस भरले आणि यवतमाळला मुलगी झाली, माझ्यासारखीच तापट.

पुढच्या वर्षी तीच गाय व्याली. वासरू जगलं. याडीनं हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, वार उचलली आणि वडाकडे न जाता टाक्यापासून लांब, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली. तांड्यातल्या म्हाताऱ्या हळहळल्या, दूध आटणार म्हणाल्या.

याडीनं माझ्या मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं.

"आटलं तं आटू द्या," ती म्हणाली. "हे पोरगी तं वाचली."