हजेरीचा रविवार

नवा मध्य प्रदेश होऊन फार वर्षं झाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. मी बुऱ्हाणपुरात शाळामास्तर होतो आणि मला बिनतारीचं वेड लागलं होतं. दिल्लीहून परवाना आला, लष्कराच्या भंगारातला एक संच मिळाला, आणि आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटू लागली. भीती एका माणसाची होती.

ते लोधीपुऱ्यात राहत. उभा जन्म रेल्वेच्या तारघरात गेलेला, म्हणून आम्ही त्यांना तारबाबू म्हणायचो. आसपासचे आम्ही पाच-सहा हौशी दर रविवारी सकाळी नऊला संच लावून बसायचो आणि तारबाबू मोर्समध्ये एकेकाची हजेरी घ्यायचे. त्यांनी पुकारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, असा दंडक. त्यांचा हात इतका भरधाव चालायचा की माझी पेन्सिल तिसऱ्या शब्दालाच मागं पडे. 'हळू पाठवा' म्हणायची सोय होती, पण तसं म्हणणाऱ्या एकाला ते पुढं महिनाभर पुकारायला विसरले होते. विसरले म्हणे. म्हणून मी दर वेळी 'आर' वाजवायचो. आर म्हणजे सगळं मिळालं. मला निम्मंही मिळालेलं नसे. वर्गात मात्र मी पोरांना सांगायचो, समजलं नाही तर विचारा.

एका रविवारी बाकीचे संच बंद करून गेल्यावर त्यांनी मला एकट्याला थांबवलं आणि लांबलचक काहीतरी पाठवलं. कागदावर दोनच शब्द उतरले, हात आणि रविवार. तरीही मी आर दिला. मग आठवडाभर घास गोड लागला नाही. काय सांगितलं असेल आणि मी कशाला होकार दिला असेल?

पुढच्या रविवारी नऊ वाजले, सव्वानऊ झाले. तारबाबूंची हाक नाही, कानात नुसती खरखर. मग एक अनोळखी हात ऐकू आला. मी शाहपूरचा, नवीन आहे, कुणी ऐकतंय का? इतका सावकाश, की प्रत्येक अक्षर मला कळत होतं. तो पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. माझं बोट संदेश वाजवायच्या कीवरच होतं. पण पुकारल्याशिवाय बोललो आणि तारबाबू ऐकत असले तर? बाकीचेही माझ्यासारखेच जीव मुठीत धरून गप्प बसले असणार. वीस मिनिटांनी तो थांबला.

मी सायकल काढून लोधीपुरा गाठला. तारबाबू संचासमोर उजवा हात डाव्या हातात धरून बसले होते. तो थरथरत होता.

"मास्तर, हजेरी काहून नाही घेतली?" ते म्हणाले. "तुमाले सांगितलं ना, माझा हात कापते, आता तुम्ही घ्या. शाहपूरचा केळीवाला पहिल्यांदा येईल, त्याले सगळ्यात आधी पुकारा. तुम्ही आर दिला, म्हणून मी वाट पाहत राह्यलो."

"मला कळलंच नव्हतं," मी म्हणालो. "भीतीनं आर दिला."



"हळू पाठवलं का हात कापते हे सबको समजते," ते म्हणाले. "म्हणून मी अजून जोरात पाठवत गेलो."

मी त्यांच्याच संचावर बसून शाहपूरला हाका मारल्या, जमेल तितक्या सावकाश. उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारपासून हजेरी मी घेऊ लागलो. पहिली हाक शाहपूरची, आणि मग पूर्ण एक मिनिट थांबायचं. काही महिन्यांनी कळलं, त्या केळीवाल्यानं दुसऱ्याच दिवशी संच उतरवला होता. तिथं आपल्याले कोण विचारते, एवढंच घरात म्हणाला होता.

मी शाहपूरला कितीदा तरी गेलो, पण त्याच्या दारात जायचं धाडस झालं नाही. त्याचं प्रत्येक अक्षर मला कळलं होतं, हे कोणत्या तोंडानं सांगणार होतो?